शॉटरीचं शाकारलेलं घर

पाणंद

मागच्या महिन्यात आई गुहागरहून आमच्याकडे कॉव्हेंट्रीला आली. इथून स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन गाडीने पाऊण तासावर, त्यामुळे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला शेक्सपिअरचं गाव दाखवायचं हे ठरलेलं. त्या गावाच्या पश्चिमेला दीड-दोन किलोमीटरवर शॉटरी आहे. तिथे ॲन हॅथवेचं, म्हणजे शेक्सपिअरच्या बायकोचं, माहेरचं घर जपून ठेवलंय. मी ते आतापर्यंत पाच-सहा वेळा पाहिलंय. दर वेळी बागेत फोटो काढायचे, आतला जुना पलंग बघायचा आणि निघायचं.

आई फाटकातून आत आली ती फुलांकडे न बघता थेट भिंतीपाशी गेली. वळचणीखाली उभी राहिली, मान वर करून बराच वेळ पाखं न्याहाळलं आणि मला विचारलं, "अगं, ही शाकारणी कधी केलीय? आणि एवढा जाड थर कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. आईचं बालपण शाकारलेल्या, म्हणजे गवत-पेंढ्याचं छप्पर घातलेल्या, घरात गेलं. मे महिन्यात खाली उभं राहून पेंढ्या वर देणं हे तिचं काम होतं. तिने विचारलेला प्रश्न घराचा होता आणि मी इतकी वर्षं फक्त शेक्सपिअर बघत होते, हे मला लागलं. त्यानंतर तीन आठवडे मिळेल ते वाचलं, तिथे आणखी दोनदा जाऊन आले, माहिती देणाऱ्या लोकांना विचारलं. ते सगळं इथे लिहिते. जाणकारांनी भर घालावी.

आधी नावाबद्दल. सगळं जग याला 'कॉटेज' म्हणतं, पण हे झोपडीवजा घर कधीच नव्हतं. १२ खोल्यांचं शेतकऱ्याचं घर आहे हे. त्या काळी याला न्यूलँड्स फार्म म्हणायचे आणि याच्या मागे ९० एकरांहून जास्त जमीन होती. कॉटेज म्हणजे तेव्हा मजुराचं घर. १५८९ साली इंग्लंडमध्ये कायदाच झाला होता, की नवं कॉटेज बांधायचं तर त्याला किमान ४ एकर जमीन जोडलेली हवी, म्हणजे भूमिहीनांची खोपटी वाढू नयेत. हॅथवे त्या वर्गातले नव्हते. पण मालकही नव्हते. ॲनचे आजोबा जॉन हॅथवे १५४३ पासून इथे कूळ म्हणून होते. ॲनचा भाऊ बार्थोलोम्यू याने १६१० मध्ये जमीन आणि घर विकत घेतलं. घराचा एक भाग दुसऱ्यापेक्षा उंच दिसतो ना, तो उंच भाग या खरेदीनंतरचा. कूळ होतं तोवर घर बेताचं राहिलं आणि मालकी आल्यावर वाढलं. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

सगळ्यात जुना भाग १५व्या शतकातला आहे. १४६३ हे साल सांगतात. या भागाचा सांगाडा पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे खांब उभे करतात, त्यावर तुळया, तुळयांवर कैची, म्हणजे छपराचा तिकोनी सांगाडा. इथे कैची जमिनीपासूनच सुरू होते! वाकलेलं ओकचं झाड निवडायचं, ते उभं मधोमध चिरायचं, आणि त्या दोन सारख्या वाकड्या फाका समोरासमोर उभ्या करून वर आढ्याशी जुळवायच्या. एकाच झाडाच्या दोन फाका असल्यामुळे दोन्हीकडचा बाक तंतोतंत सारखा येतो. याला 'क्रक' म्हणतात. छपराचा भार या जोडीवरून थेट खाली जोत्यावर उतरतो, भिंतीवर जवळजवळ काहीच येत नाही. जोतं निळसर करड्या चुनखडी दगडाचं आहे. लाकूड ओल्या मातीला लागू नये म्हणून ते बांधलेलं.

भिंतीवर भार नाही, मग भिंत कशाची? आईने ती बघितली आणि लगेच म्हणाली, "हा तर कूड."

कूडच आहे. ओकच्या चौकटीत उभे दांडके बसवलेले, त्यांतून हेझल या झुडपाच्या ओल्या काड्या आडव्या विणलेल्या, आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण, चिरलेला पेंढा आणि जनावरांचे केस यांचा गारा थापलेला. वरून चुन्याचा हात. हेझलच्या जागी कारवी घातली की आमच्या आजोळची पडवी झाली. फरक एवढाच, की इथे केस मिसळायचे आणि दर दोन-चार वर्षांनी चुना द्यायचे, कारण आपण आतून शेणाने सारवतो तसं बाहेरून सारवलेलं इथल्या भिजट हवेत टिकलं नसतं.

आणि आता घराच्या आतलं. आज आपण आत शिरतो तेव्हा वर माळा दिसतो, मोठी चूल दिसते, धुराडं दिसतं. मूळ घरात यातलं काहीच नव्हतं. मधल्या मोठ्या खोलीत जमिनीवर उघडी आगटी पेटायची आणि वर थेट छपराच्या गवतापर्यंत मोकळी पोकळी असायची. धूर गवतातून वाट काढत बाहेर जायचा. पुढे १६व्या शतकात धुराडं बांधलं, आणि धूर एका नळीत गेल्यावरच वर माळा टाकता आला, निजायच्या खोल्या करता आल्या. म्हणजे वरचा मजला धुराड्याच्या उपकाराने आला. त्याच काळात एसेक्समधल्या विल्यम हॅरिसन या पाद्र्याने १५७७ साली लिहून ठेवलंय, की गावातली म्हातारी माणसं तीन गोष्टी बदलल्या म्हणतात: धुराडी फार झाली, निजायला गवताच्या चटईऐवजी गाद्या-उशा आल्या आणि लाकडी भांड्यांच्या जागी कथलाची आली. ॲन हॅथवेचा जन्म १५५५-५६ चा. ती वाढली तो नेमका हाच बदलाचा काळ.

छपराबद्दल मुद्दाम कमी लिहिलं, कारण आईचा प्रश्न तोच आहे आणि मला तो अजून पुरता सुटलेला नाही. गवत किती वर्षं टिकतं आणि आपल्यापेक्षा इतकं जास्त का टिकतं? इथे कुणी वास्तुरचनाकार असतील तर सांगा.

सायंतारा

फार छान लिहिलंयस. मी २०१६ ला गेले होते आणि मलाही फक्त बाग आठवते. आईंना नमस्कार सांग. फोटो टाक ना, विशेषतः त्या वाकड्या लाकडांचे.

रापण

'हा तर कूड' वाचून अंगावर काटा आला. आमचं मालवणाकडचं जुनं घर माझ्या लहानपणापर्यंत अर्धं कौलारू आणि अर्धं शाकारलेलं होतं. गोठा आणि मांगर शेवटपर्यंत गवताचेच.

आमची पद्धत लिहितो म्हणजे तुलना करता येईल. मिरगाच्या आत शाकारणी झालीच पाहिजे. जुनं काढायचं, खालच्या कांबट्या तपासायच्या, कुजलेल्या बदलायच्या. मग वळचणीपासून सुरुवात करून वर आढ्याकडे जायचं, प्रत्येक वरचा थर खालच्या थरावर चढलेला. शेवटी आढ्यावर दोन्हीकडे मोडून घातलेला जाड पेंढा, त्यावर दाब म्हणून बांबू. सगळं सुंभाने किंवा झाडाच्या सालीने बांधलेलं. खिळा कुठेच नाही. उतरवलेला कुजका पेंढा वाया जात नसे, भाजावळीला किंवा खतात जाई.

दर वर्षी. एखादं वर्ष ओढून नेलंच तर दुसऱ्या वर्षी हमखास गळती. तिकडे किती वर्षं टिकतं?

उंबरठा

पुण्यात वास्तुरचनाकार आहे, जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम करतो. पाणंद आणि रापण, दोघांना मिळून उत्तर देतो.

तिकडे तीन प्रकारचं साहित्य वापरतात. एक, पाणथळ जागेतला बोरू. नॉरफकचा बोरू सगळ्यात नावाजलेला. तो नीट घातला तर ४० ते ६० वर्षं जातो. दुसरं, गव्हाच्या काड्या विंचरून, सगळ्यांचे बुडखे एका बाजूला लावून. हे २५ ते ४० वर्षं. तिसरं, गव्हाचा लांब पेंढा, भिजवून हाताने ओढून सरळ केलेला, पण बुडखे-शेंडे मिसळलेले. हा १५ ते २५ वर्षं. आढं मात्र तिन्ही प्रकारांत साधारण १०-१५ वर्षांनी नवीन करावं लागतं, कारण सगळ्यात जास्त मार तिथे बसतो.

आता का टिकतं ते. गवताचं छप्पर पाणी अडवत नाही, ते पाणी उतरवतं. थेंब एका काडीवरून खालच्या काडीवर, तिथून तिच्या खालच्या काडीवर, असा बाहेरच्या बाजूनेच घरंगळत वळचणीपर्यंत जातो. आढ्याचं पाणी वळचणीला म्हणतो ते अक्षरशः. त्यासाठी उतार कडक लागतो, निदान ४५ ते ५० अंश. तेवढा उतार असेल तर मुसळधार पावसातही वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थरच भिजतो, आतलं कोरडं राहतं. पाऊस थांबला की वरचा थर वाळतो. आईंना जाड दिसला तो थर साधारण ३० सेंटिमीटरचा असतो. वरचं हळूहळू झिजत जातं आणि झिजायला भरपूर साठा ठेवलेला असतो, म्हणून वर्षं वाढतात.

आपल्याकडे थर पातळ, कारण पेंढा हे गुरांचं वर्षभराचं खाणं आहे. छपरावर हातभर जाडी घालायची म्हणजे गोठ्यातलं काढून घालायचं. त्यातून कोकणात ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि तोही चार महिन्यांत, वरचा थर वाळायला उसंतच मिळत नाही. स्ट्रॅटफर्डच्या बाजूला वर्षभरात ६०० मिलिमीटरच्या आसपास, बारा महिन्यांत विभागलेला. शिवाय उष्ण दमट हवेत बुरशी आणि वाळवी दोन्ही जोरात. आपले शाकारणारे कमी कसबी होते असं कुणी यावरून समजू नये. ते वर्षाच्या हिशेबाने बांधत होते, कारण पेंढा वर्षाला येत होता.

अजून एक. तिकडे गवताच्या घरांना पन्हळ नसते. वळचण भिंतीपासून चांगली पुढे काढतात आणि पाणी लांब टाकतात. कुडाच्या भिंतीला ते छप्परच वाचवतं. वळचण आखूड झाली की खालची माती दोन हिवाळ्यांत फुगून सुटते.

माळरान

एक्झिटरला राहते. आमच्या डेव्हनमध्ये या घरांची दाटी आहे, म्हणून थोडी भर.

इथे जुनं सगळं उतरवून नवं घालतातच असं नाही. बरेचदा वरचा कुजलेला भाग खरवडून काढतात आणि खालच्या चांगल्या थरावरच नवा थर चढवतात. त्यामुळे काही घरांवर मीटरभर जाडीचं गवत साचलंय. आणि अगदी तळाशी, वाशांना बांधलेला पहिला थर, तो कधी कधी मूळ बांधकामाचा असतो. पाणंदने लिहिलेली उघडी आगटी आठवा. त्या काळात पेटवलेल्या आगटीचा धूर त्या थरावर बसला, तो काळा कुळकुळीत झाला आणि काजळीमुळेच कीड-बुरशीपासून वाचला. इथे अशी कितीतरी छपरं सापडली आहेत. त्या काळ्या थरात मध्ययुगातल्या गव्हाच्या ओंब्या, राय नावाचं धान्य, शेतातलं तण, सगळं जसंच्या तसं मिळतं. वनस्पतींचे अभ्यासक त्यावरून तेव्हाच्या शेतात काय पेरलं होतं ते सांगतात. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या माळ्यावर मी तो थर पाहिलाय. काडी हातात घेतली तर अजून ताठ आहे. पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी कापलेला गहू!

बोरू की पेंढा यावरून इथे खरीखुरी भांडणं होतात. बोरू जास्त टिकतो म्हणून घरमालकाला तो हवा असतो. पण बोरूचं छप्पर ब्रशसारखं कापीव, धारदार दिसतं. पेंढ्याचं मऊ, ओतल्यासारखं, खिडक्यांवरून वळून आलेलं. घर संरक्षित यादीत असेल तर पुष्कळ ठिकाणी जे होतं तेच घाला असा आग्रह धरतात. शिवाय आता बोरू मोठ्या प्रमाणावर तुर्कस्तान, पूर्व युरोप, अगदी चीनमधूनसुद्धा येतो. मला यात पेंढ्याच्या बाजूचं पटतं. ज्या भागात कधी पाणथळ नव्हतीच तिथे बोरूचं छप्पर परकं वाटतं.

किंजळ

लेख आवडला, तरी एक प्रश्न मनापासून विचारतो. १९६९ साली शॉटरीच्या या घराला आग लागली होती आणि बरंच नुकसान झालं होतं. नंतर ते पुन्हा नीट केलं. गवत तर दर पिढीला बदलतं. कुडाची माती बदलत असणार. मग यातलं ऐतिहासिक काय उरलं? आपल्याकडे एखाद्या वाड्याचं इतकं बदललं तर आपण त्याला 'जीर्णोद्धारात गेला' म्हणतो आणि हळहळतो. परदेशातलं असलं की तेच जतन होतं का?

पाणंद

किंजळ, हा प्रश्न मलाही पडला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

ओकचा सांगाडा बऱ्याच अंशी जुना आहे आणि तो पाहिला की कळतं. ही लाकडं ओली असतानाच घडवायचे, कारण वाळलेल्या ओकवर हत्यार चालत नाही. जोडणी भोक आणि जिभेची, वर ओकच्याच खुंट्या. लाकूड जागेवर वाळतं, आकसतं, पिळतं आणि जोड आणखी आवळतो. त्यामुळे अशा घरात एकही रेघ सरळ नसते आणि तरी काही सुटत नाही. जिथे दुरुस्ती केलीय तिथे नव्या लाकडाचं ठिगळ वेगळं दिसतं, लपवलेलं नाही.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. हे घर पहिल्या दिवसापासून बदलण्यासाठीच बांधलेलं होतं. सांगाडा पिढ्यान्‌पिढ्या टिकायचा, कूड काही दशकं, गवत एका माणसाच्या उमेदीइतकं, चुना दोन-चार वर्षं. ज्याने बांधलं त्याला हे माहीत होतं. दर वस्तूचं आयुष्य वेगळं धरून त्याप्रमाणे ती काढता-घालता येईल अशी रचना केलेली आहे. छप्पर उतरवलं तरी सांगाड्याला धक्का नाही, कूड पाडला तरी छप्पर उभं. म्हणून गवत बदलणं म्हणजे या घराचं जुनेपण घालवणं नाही. गवत बदलायचं थांबलं असतं तर पंचवीस-तीस वर्षांत आतला ओक कुजला असता आणि आज तिथे काहीच नसतं.

वाड्यांचा जीर्णोद्धार मला खुपतो तो बदलामुळे नाही. चुन्याच्या जागी सिमेंट येतं, लाकडाच्या जागी लोखंडी गर्डर येतो आणि पुढच्या माणसाला ते काढून पुन्हा घालता येत नाही, म्हणून खुपतो. तू म्हणतोस तो दुजाभाव आपल्यात आहे, ते मात्र मान्य.

आणि राहती माणसं. हॅथवे घराण्याला १८४६ मध्ये हे घर विकावं लागलं, पण ते भाडेकरू म्हणून तिथेच राहिले. १८९२ मध्ये शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टने ते घेतलं, तेव्हाही त्याच वंशातल्या मेरी बेकर घर दाखवायला तिथे होत्या. दुसऱ्याच्या मालकीच्या घरात स्वतःच्याच पणजोबांची चूल पाहुण्यांना दाखवायची. त्या बाईंबद्दल मला फार वाटतं.

उंबरठा

पाणंदच्या मुद्द्याला पूर्ण सहमत. किंजळसाठी एक जोड: बदल काय झाला तेही बघायला हवं. या घरांची जी काळी लाकडं आणि पांढऱ्या भिंती आपण चित्रात बघतो, तो काळा रंग बहुतेक ठिकाणी १९व्या शतकातला. त्याआधी ओक नुसता सोडून द्यायचे, तो उन्हापावसाने रुपेरी करडा व्हायचा, किंवा लाकूड-भिंत सगळ्यावरूनच चुना फिरवायचे. डांबराने लाकूड बंद केलं की आतली ओल बाहेर पडत नाही. दिसायला ठसठशीत, लाकडाला वाईट.

बागेचंही तसंच. ॲनच्या वेळी तिथे शेतकऱ्याचं अंगण असणार: गुरं, कोंबड्या, शेणाचा ढीग, थोडा भाजीपाला आणि औषधी झाडं. गुलाबांचे ताटवे पुष्कळ नंतरचे. आई फुलांकडे न बघता वळचणीकडे गेल्या ते योग्यच केलं त्यांनी.

खडीसाखर

आगीचा विषय निघालाय म्हणून. गवत आणि आग यांचं नातं शेक्सपिअरच्या बाबतीत फार जवळचं आहे. लंडनमध्ये १२१२ च्या मोठ्या आगीनंतरच नव्या घरांवर बोरू आणि पेंढा घालायला मनाई झाली होती. तरी नदीपलीकडे साउथवर्कला शेक्सपिअरच्या नाटक मंडळीचं ग्लोब नाट्यगृह गवताच्या छपराचं होतं. २९ जून १६१३ ला आठव्या हेन्रीच्या नाटकात तोफ उडवली, ठिणगी गवतात गेली आणि तासा-दोन तासांत नाट्यगृह जळून गेलं. माणसं वाचली. एकाच्या तुमानीने पेट घेतला तो त्याने बाटलीतल्या बिअरने विझवला, असं तेव्हाच्या एका पत्रात आहे. पुढच्या वर्षी ग्लोब पुन्हा बांधलं, पण कौलांचं. आणि १९९७ मध्ये उघडलेलं आजचं ग्लोब पुन्हा नॉरफकच्या बोरूने शाकारलेलं आहे. १६६६ च्या आगीनंतर लंडनमधलं ते पहिलं गवताचं छप्पर. आढ्यावरून पाण्याच्या तोट्या टाकल्यात. मी उभ्याच्या तिकिटावर नाटक पाहिलं तेव्हा अर्धा वेळ वरच बघत होते.

खुद्द स्ट्रॅटफर्डही १५९४, १५९५ आणि १६१४ असं तीनदा मोठं जळलं. शॉटरीचं घर वाचलं ते बहुधा एकटं, झाडीत, शेताच्या कडेला होतं म्हणून.

राहत्या घरांना आज भीती असते ती धुराड्याची. जुन्या विटांच्या सांध्यांतून ठिणगी जाते, किंवा आत चालणाऱ्या, लाकडं जाळायच्या बंदिस्त शेगडीने धुराडं भलतं तापतं आणि भोवतीचं जाड गवत आतल्या आत धुमसत राहतं. बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

रापण

उंबरठांनी गुरांच्या वैरणीचं लिहिलं ते शंभर टक्के. अजून एक कारण आमच्याकडे घडलं ते सांगतो. मंगलोरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून मंगलोरी कौलं बंदराबंदरातून किनाऱ्यावर पसरली आणि ज्याला परवडलं त्याने कौलं चढवली. पण गरिबाघरी, गोठ्यावर, मांगरावर पेंढा चालूच होता. तो गेला तो भाताबरोबर. १९६८ मध्ये 'जया' आलं, त्यामागून दुसरी बुटकी वाणं आली. दाणा भरपूर, पण काडी गुडघ्याच्या थोडी वर. आजोबा म्हणायचे, ह्या भातान पोट भरला, पण घर उघडा पडला. जुन्या उंच भाताची कंबरेएवढी काडी असायची, तिचा एक पदर दोन हात झाकायचा. बुटक्या काडीने शाकारणी करायची तर पदर दुप्पट लागतात आणि तरी पाणी शिरतं. पत्रे आले ते त्यानंतर.

पोट भरलं हे मोठंच झालं. मी तक्रार करत नाही. पण छप्पर कशामुळे गेलं हे विचारलं तर उत्तर शेतात आहे.

माळरान

रापण, हुबेहूब हेच इथे झालं! गव्हाचीही बुटकी वाणं आली आणि त्याच सुमारास कंबाइन हार्वेस्टर आला. तो काडी चिरडून बाहेर फेकतो, ती शाकारणीच्या कामाची राहत नाही. भरपूर नत्र खत दिलेल्या गव्हाची काडी पोकळ आणि ठिसूळ होते, छपरावर लवकर कुजते. म्हणून आता काही शेतकरी मुद्दाम छपरांसाठी गहू लावतात. 'मॅरिस विजन' हे १९६० च्या दशकातलं उंच वाण त्यासाठी आवडीचं आहे. तो जुन्या बांधणी यंत्राने कापतात, पेंढ्या शेतातच उभ्या करून वाळवतात आणि मग मळतात. दाण्यापेक्षा काडीची किंमत जास्त असलेलं पीक! ओलं वर्ष आलं आणि काडी आडवी झाली की पुढच्या वर्षी शाकारणारे कामं पुढे ढकलतात.

सायंतारा

हा धागा मी मुलीला वाचून दाखवला. ती आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा प्रश्न: वाशांवर गवत नक्की धरून कशाने ठेवतात? रापण म्हणतात आपल्याकडे सुंभाने बांधतात. तिकडे?

पाणंद

सायंतारा, याचं उत्तर मला मागच्या शनिवारी मिळालं.

आमच्या इथून जवळच एका गावात घराची शाकारणी चालू होती. वाटेत दिसली म्हणून आईने गाडी थांबवायला लावली. वर एक पन्नाशीचा माणूस आणि खाली त्याचा हाताखालचा मुलगा. मुलगा भिजवलेला पेंढा दोन्ही हातांनी ओढून सरळ करत होता, बरोबर आमच्या अंगणात पेंढा झाडून काड्या वेगळ्या करायचे तसा. आई त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. भाषेची अडचण होती, पण त्याने पेंढी तिच्या हातात दिली आणि तिने ती दोनदा गुडघ्यावर ठोकून बुडखे एका रेषेत आणून परत दिली. तो मुलगा बघतच राहिला.

वरचा माणूस खाली आला तेव्हा मी तुझ्या मुलीचा प्रश्न विचारला. पहिला थर वाशांना बांधलेला असतो. त्यावरचे थर मात्र बांधत नाहीत, टोचतात. हेझलची बोटभर जाडीची फांदी उभी चिरून कांबटी काढतात, दोन्ही टोकांना धार करतात. मग ती मधोमध दोन्ही हातांनी पिळतात, मोडत नाहीत. पिळल्यामुळे तंतू सुटे होतात आणि ती न तुटता दुमडते, केसांच्या आकड्यासारखी. आडव्या काठीवरून ती खालच्या गवतात दाबून बसवायची. आत गेली की ती उलगडायला बघते आणि त्यामुळेच घट्ट धरून राहते. एका छपराला अशा हजारो लागतात. हिवाळ्यात, पान झडल्यावर कापलेली हेझल हवी, असं तो म्हणाला. बुंध्यापासून कापलेल्या झाडाला सात-आठ वर्षांनी पुन्हा तशाच सरळ फांद्या येतात.

आईने ती पिळायचा प्रयत्न केला. पहिली मोडली, दुसरीही मोडली. तिसरी दुमडली. त्याने ती तिलाच ठेवायला दिली आणि मला विचारलं, तुमच्याकडे कशाने करतात? मी आईला विचारून सांगितलं: बांबूच्या कांबट्या आणि सुंभ. त्याने सुंभ म्हणजे काय ते नीट समजून घेतलं. नारळाच्या सोडणाचा दोर, पाण्यात लवकर कुजत नाही, हे कळल्यावर मुलाला हाक मारून त्यालाही ऐकवलं.

रापण, आईचा तुमच्यासाठी प्रश्न आहे. आढ्यावरचा बांबू घसरू नये म्हणून त्यांच्याकडे दोन काठ्यांची फुली करून आढ्यावर घोड्यासारखी बसवायचे. मालवणाकडे त्याला काही वेगळं नाव होतं का?

रापण

फुली आमच्याकडेही असायची. नावासाठी उद्या घरी फोन करून काकांना विचारतो. ऐंशी पार केलीय त्यांनी, पण शेवटच्या मांगराचं आढं त्यांनीच बांधलं होतं. आईंना सांगा, उद्या संध्याकाळपर्यंत इथे लिहितो.